राग कुठे विसावतो? मुलांच्या तस्करीचे चित्रपट आणि त्यांचा प्रेक्षक

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, ऐन आठवडी बाजाराच्या दिवशी, जमावाने पाच जणांना मारून टाकले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेले होते. ‘पोरं पळवणारी टोळी’ आल्याचा संशय तेवढ्याला पुरला. त्याच वर्षी देशभर मोबाइलवर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारे एक मूल उचलतात आणि निघून जातात. मुळात ती कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी तयार केलेली छोटी जाहिरात होती. मूळ फितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि लोकांना सावध करणारा फलक दाखवतात. हा शेवट कापूनच फीत पुढे पाठवली गेली, आणि ती खरी मानून अनेक ठिकाणी निरपराध माणसांवर हल्ले झाले.

मुलांच्या तस्करीवरच्या चित्रपटांना प्रेक्षक कसा प्रतिसाद देतो, याचा विचार मी या फितीपासून सुरू करतो, कारण त्या प्रतिसादाचे सगळ्यांत भीषण टोक तिथे दिसते. एरवी अशा चित्रपटाबद्दल आपण दोनच गोष्टी विचारतो: तो चालला का, आणि लोक रडले का. मला तिसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रेक्षकाच्या मनात चेतवलेला राग शेवटी कोणावर जाऊन थांबतो?

हा प्रश्न नीट मांडण्यासाठी लागणारी परिभाषा आपल्या साहित्यशास्त्रात आहे. साधारणीकरणाची कल्पना भट्टनायकाने मांडली आणि अभिनवगुप्ताने ती पुढे नेली. रंगमंचावरचे दुःख माझे नसते, नटाचे नसते, अमुक गावचे किंवा अमुक दिवसाचेही नसते. ही बंधने गळाली की तो भाव आस्वाद घेण्याजोगा होतो. उलट, हे ‘माझेच’, ‘याच जागचे’, ‘आत्ताचे’ असे वाटणे हे अभिनवगुप्ताच्या मते रसाच्या वाटेतले विघ्न. रसाचे पर्यवसान तो विश्रांतीत मानतो: चित्त इतरत्र न धावता त्या अनुभवातच विसावते.

कराचीच्या फितीचे काय झाले, ते या भाषेत नेमके सांगता येते. ‘हा देखावा आहे’ असे सांगणारा फलक गेला आणि साधारणीकरण उलटे फिरले. कुठल्याही शहरातले कुठलेही मूल ‘आपल्या गावातले मूल’ झाले आणि मोटारसायकलवरचे दोघे म्हणजे ‘हे समोरचे लोक’ झाले. भाव विसावला नाही. तो धावला आणि समोर जो परका दिसला त्याच्यावर आदळला.

पण परकाच का? कारण फितीने गुन्हेगाराचे चित्रच तसे काढले होते: अनोळखी, बाहेरून येणारा, झडप घालणारा. कायद्यातल्या चित्राशी ते जुळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो शिष्टाचाराची व्याख्या सांगते, की शोषणाच्या हेतूने मुलाला मिळवणे, नेणे, ठेवून घेणे किंवा ताब्यात घेणे एवढे झाले तरी ती तस्करी होते. मुलांच्या बाबतीत जबरदस्ती किंवा फसवणूक सिद्ध करण्याची गरज नाही. म्हणजे पळवून नेणे हा या गुन्ह्याचा आवश्यक घटकच नव्हे. आई-बापाच्या संमतीने, दिवसाढवळ्या, एसटीने झालेला प्रवासही तस्करी असू शकतो. आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेच्या नोंदींतही मुलांच्या प्रकरणांपैकी फार मोठ्या भागात सुरुवात कुटुंबातल्या किंवा नात्यातल्या माणसापासून झालेली दिसते.

हे लक्षात ठेवून ‘मर्दानी’ पाहावा. २२ ऑगस्ट २०१४ रोजी आलेल्या प्रदीप सरकार यांच्या या चित्रपटात मुंबई गुन्हे शाखेची शिवानी शिवाजी रॉय फूल विकणाऱ्या प्यारीचा माग काढत दिल्लीपर्यंत जाते. राणी मुखर्जीचा आवेश अस्सल आहे आणि तपासाची गती बांधून ठेवते. पूर्वी प्यारीला तिच्याच नातेवाइकाने विकायला काढले होते, हा तपशील मात्र ओझरता येऊन जातो. कथेला हवा असतो थंड डोक्याचा, फोनवरून आव्हान देणारा तरुण दलाल. शेवटी त्याला सोडवलेल्या मुलींच्या हवाली केले जाते आणि त्या त्याला मारतात. अशा क्षणाला शिट्ट्या पडतात आणि टाळ्या वाजतात. त्या खोट्या नसतात. दीड-दोन तास साचलेला क्रोध तिथे मोकळा होतो. रौद्राचे ते पूर्ण चक्र आहे, आणि माझी अडचण या पूर्णत्वाचीच आहे. ज्याच्यावर रागवायचे तो पडद्यावर मेला, की प्रेक्षकाकडे बाहेर नेण्याजोगे काही उरत नाही. ज्या नातेवाइकापासून गोष्ट सुरू होऊ शकली असती, त्याच्यावर कुणी रागावतच नाही.

याचे सगळ्यांत मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण अमेरिकेत घडले. अलेहांद्रो मोंतेवेर्दे यांचा ‘साउंड ऑफ फ्रीडम’ २०१८ मध्ये चित्रित झाला. डिस्नेने फॉक्स विकत घेतल्यावर तो अडकून पडला, नंतर एंजल स्टुडिओजने तो घेतला आणि ४ जुलै २०२३ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यदिनी, प्रदर्शित केला. सुमारे दीड कोटी डॉलरमध्ये बनलेल्या या चित्रपटाने केवळ उत्तर अमेरिकेत १८ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. चित्रपटगृहाच्या दारात प्रेक्षकांची मते नोंदवणाऱ्या सिनेमास्कोअरने त्याला ‘ए प्लस’ श्रेणी दिली. समीक्षक दुभंगले आणि प्रेक्षक राजकीय छावण्यांत वाटले गेले. कोणाला तो दडपून ठेवलेल्या सत्याचा उद्घोष वाटला, तर कोणाला कटकारस्थानांच्या कल्पनांना खतपाणी. प्रेक्षकांना त्रास व्हावा म्हणून काही चित्रपटगृहे मुद्दाम एसी बंद करतात, अशी वावडीही उठली आणि एका मोठ्या साखळीच्या प्रमुखाला ती जाहीरपणे नाकारावी लागली.

या गोंगाटात चित्रपटाची रचना कोणी फारशी पाहिली नाही, आणि सारे उत्तर तिथेच आहे. पहिला भाग चांगला निरीक्षणाचा आहे. होंडुरासमधला एक बाप आपल्या दोन मुलांना निवड-चाचणीसाठी स्वतः नेऊन सोडतो आणि नीटनेटकी, गोड बोलणारी बाई त्यांना आत घेते. विश्वास संपादन करून फसवणे म्हणजे काय, ते इथे अंगावर काटा आणते. पुढे कथा कोलंबियाच्या जंगलात शिरते. एकटा नायक नदीतून बंडखोरांच्या तळावर जातो आणि मुलीला सोडवून आणतो. बापाच्या विश्वासातून उगवलेली भीती जंगलातल्या बंदुकधाऱ्यांवर येऊन ठेपते. ही भीती प्रेक्षकाला सोसवते, कारण असे जंगल त्याच्या घराजवळ नसते. श्रेयनामावली चालू असतानाच मुख्य अभिनेता जिम कॅव्हिझेल थेट प्रेक्षकाशी बोलतो आणि पडद्यावर क्यूआर कोड येतो, दुसऱ्या कोणासाठी तिकीट विकत घेण्याचा. त्या क्षणी रडत असलेल्या माणसाला काहीतरी करायचे असते. ती इच्छा अतिशय मौल्यवान आहे आणि तिचा उपहास करणे मला अयोग्य वाटते. पण तिला दिलेली वाट पुन्हा त्याच चित्रपटाकडे वळते. आपल्याच गल्लीतले, ओळखीच्या माणसाकडे राबणारे मूल ओळखायचे कसे, हे त्या प्रेक्षकाला कोणी सांगत नाही.

नागेश कुकुनूर यांचा ‘लक्ष्मी’ ‘मर्दानी’च्याच वर्षी, काही महिने आधी आला. चौदा वर्षांची मुलगी, वसतिगृहाच्या नावाखाली चालणारा कुंटणखाना आणि शेवटी न्यायालयातली साक्ष. पाम स्प्रिंग्ज महोत्सवात त्याला प्रेक्षक-पसंतीचा पुरस्कार मिळाला, आपल्याकडे तो फारसा चालला नाही. ‘पाहवत नाही’ ही प्रतिक्रिया इथे समजण्याजोगी आहे. करुणावर बीभत्स मात करू लागला की प्रेक्षक नजर वळवतो, आणि वळलेली नजर परत आणणे कठीण असते. तरी साक्षीचा प्रसंग मी महत्त्वाचा मानतो. सुटका झाल्यावर मुलीचे पुढे काय होते, उलटतपासणीत तिला काय ऐकावे लागते, याकडे आपल्याकडचे थोडेच चित्रपट पाहतात.

मीरा नायर यांचा ‘सलाम बॉम्बे!’ १९८८ चा. नेपाळहून आणून विकलेल्या ‘सोला साल’ नावाच्या मुलीला सोडवायला कोणी येत नाही. नाना पाटेकरने साकारलेला दलाल बाबा तिच्याशी मायेने बोलून तिला धंद्यासाठी तयार करतो आणि शेवटी गाडी तिला घेऊन जाते. त्या मायेमुळेच प्रेक्षकाचा राग अडखळतो, कारण या माणसाचा आवाज त्याला ओळखीचा वाटतो. बाबा मारला जातो तेव्हाही दिलासा मिळत नाही. गणपतीच्या मिरवणुकीतल्या गर्दीत चित्रपटाचा नायक, रस्त्यावर राहणारा कृष्णा, हरवतो आणि एकटा बसून भोवरा खेळता खेळता रडतो. विसर्जनाची गर्दी ज्याने अनुभवली आहे, त्याला ‘मी तिथे होतो आणि मी पाहिले नाही’ असे वाटल्यावाचून राहत नाही. अभिनवगुप्ताच्या कसोटीवर हे विघ्नच ठरेल. इथे मी त्या कसोटीपासून दूर होतो. या विषयात चित्त विसावू नये, आणि राईनपाड्यासारखे कोणावर धावूनही जाऊ नये. ते प्रेक्षकाच्या स्वतःच्या नजरेवर येऊन खिळले पाहिजे. चित्रपटाच्या उत्पन्नातून रस्त्यावरच्या मुलांसाठी सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला. तो प्रेक्षकांनी नव्हे, चित्रपट करणाऱ्यांनी उभारला, हे मान्य. पण पडद्यावरची गोष्ट संपलेली नाही, ही जाणीव त्या ट्रस्टच्या आणि प्रेक्षकाच्या अस्वस्थतेच्या मुळाशी एकच आहे.

२०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात कातकरी वस्तीवरची लहान मुले एखादी मेंढी आणि थोड्या रोख रकमेच्या बदल्यात नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला धाडल्याचे उघड झाले. ना मोटारसायकल, ना जंगल, ना फोनवरून धमकावणारा दलाल. घरात उपासमार होती आणि समोर पैसे घेऊन उभा असलेला ओळखीचा माणूस होता. पालेर्मोच्या व्याख्येत हे चपखल बसते. पण आपल्या चित्रपटांनी मनात पेरलेल्या चित्रात हे कुठेच बसत नाही. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी १९९६ मध्ये मुंबईतच, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली. तो क्रमांक फिरवण्याआधी माणसाला समोरचे मूल दिसावे लागते. कळपामागून काठी घेऊन चालणारी ती मुले त्या वाटेने जाणाऱ्या कितीतरी लोकांनी पाहिली असतील. त्यांना ती मेंढपाळाची मुले वाटली असतील.