शेवटची पंगत



नोव्हेंबरचा चौथा गुरुवार आला की माझी भाचेसून अमेरिकेतून फोटो पाठवते. थँक्सगिव्हिंगच्या त्या सणाला तिचे शेजारी अंगणात शेगडी मांडतात आणि भल्यामोठ्या पातेल्यातल्या तेलात अख्खा टर्की पक्षी सोडतात. पक्षी दिसला की मी फोन पालथा ठेवते. डोक्यात राहतं ते पातेलं. माणसं वाढली की सैपाक घरात मावत नाही, तो अंगणात येतो, मग देश कुठलाही असो. न्यूझीलंडचे माओरी लोक जमिनीत खड्डा करून तापलेल्या दगडांवर जेवण ठेवतात आणि वरून माती लोटतात. त्याला हांगी म्हणतात. माझं माहेर कारंजा लाडचं. तिकडे शेतात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात, फोडतात आणि तुपात बुडवतात. जात एकच म्हणायची.

यंदा भाचेसुनेने फोटोखाली विचारलं, "मामी, तुमच्या बिरसीला पाचशे माणसांचं कसं करायचे हो?" तिला फोनवर सांगता सांगता राहून गेलं, ते इथे लिहिते.

बिरसी म्हणजे आता विमानतळाचं गाव. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी इंग्रजांनी इथे धावपट्टी केली. पण मी लग्न होऊन आले तेव्हा डोळ्यांत भरले ते धानाचे बांध आणि तलाव. रोडगे इथे कोणी भाजत नव्हतं. इथली पंगत भाताची, आणि भात शिजायचा चरावर.

चर म्हणजे अंगणात खणलेली लांब, अरुंद नाली. खोली हातभर, रुंदी एवढीच की गंज दोन्ही काठांवर नीट बसावा. चराचं तोंड वाऱ्याकडे ठेवायचं, लाकडं तिथून सारायची, धूर दुसऱ्या टोकाने जाईल. एका जाळावर तीन-चार गंज ओळीने बसतात. पहिल्यावर भात, मधल्यावर वरण, शेवटच्यावर पाणी नुसतं तापत राहतं. गंजाला बाहेरून ओल्या मातीचा लेप द्यायचा, म्हणजे काजळी मातीबरोबर निघून येते. भाताची पेज टोपलीत निथळायची आणि स्वच्छ धुतलेल्या चादरीवर भाताची रास घालायची. वाढणारे तिथूनच भरून नेतात.

हे झालं कोणाच्याही घरचं. आपल्या घरचं काम याच्या आधी सुरू होतं. लाकूड साल काढलेलं हवं, कारण सालीखाली जीव असतात. प्रत्येक ओंडका जमिनीवर आपटून, झटकून मगच चराजवळ. पाणी दुहेरी गाळण्यातून, आणि गाळण्यावरची जिवाणी परत त्याच विहिरीत. कढीला बेसन नाही, द्विदल होतं म्हणून तांदळाचं पीठ. भाजी कोहळ्याची. वांगं, बटाटा, कांदा दारातसुद्धा नाही. आणि चूल सूर्योदयाआधी पेटायची नाही.

मामंजींची वही माझ्याकडे आहे. मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे सासरी आल्यावर मला दागिन्यांच्या आधी ती वहीच मिळाली. १९५४ च्या एका लग्नात पाचशे पानांसाठी तांदूळ लिहिला आहे २ मण ५ शेर. मण चाळीस शेरांचा आणि शेर साधारण ९३३ ग्रॅमचा, म्हणजे ७९ किलो आणि वर थोडं. माझ्या नणंदेच्या लग्नाला, १९८६ मध्ये, मी स्वतः लिहिलं: तांदूळ ८० किलो, तूरडाळ २० किलो, कोहळं ५० किलो. मापं बदलली, कायदा बदलला, पण माणसाचं पोट तेवढंच राहिलं. हिशोब जुळला त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो परीक्षेत पास होऊनही झाला नव्हता. तांदूळ तेव्हा लुचईचा असे. आज आपण सगळ्याजणी एचएमटी वापरतो. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून तो वाढवला आणि त्याला नाव पडलं घड्याळाचं!

मोठा सैपाक नेहमी लग्नाचाच असतो असं नाही. तेराव्या शतकात कच्छमधल्या भद्रेश्वरच्या जगडूशाहांनी दुष्काळात कोठारं उघडली आणि गर्दीला जेवू घातलं. ती गोष्ट आपण पाठशाळेत ऐकलेली आहे. १८९९-१९०० च्या, म्हणजे छप्पनियाच्या दुष्काळात आपला हा भाग मध्यप्रांतात होता. तेव्हा सरकारनेही गावोगावी शिजवलेलं अन्न वाटलं. पण अशा सैपाकात आधी कोण जेवलं आणि शेवटी कोण, हे सहसा लिहिलेलं सापडत नाही. मामंजींच्या वहीतही नव्हतं. १९८६ पासून आहे.

नणंदेचं लग्न डिसेंबरच्या सुरुवातीचं. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य साडेपाचच्या चार मिनिटं आधी मावळतो. मुंबईत तो सहापर्यंत असतो, अमरावतीला आपल्यापेक्षा दहा-अकरा मिनिटं जास्त. दोन घटिका आधी उठायचं म्हटलं तर आपली शेवटची पंगत चार अडतीसच्या आत आटोपायला हवी. वऱ्हाड अमरावतीकडचं होतं, बाराला यायचं ते तीनला आलं. पहिली पंगत वऱ्हाडी पुरुषांची, दुसरी गावकऱ्यांची, तिसरी आमच्या पुरुषांची आणि मुलांची. चौथी बायकांची. दोन घटिकांचा विचार तर केव्हाच मागे पडला होता. चौथीसाठी भाताचा नवा घाण चढवला आणि वारा पडला. सकाळी वाऱ्याकडे तोंड करून खणलेला चर नुसता धुमसायला लागला. आचारी फुंकणीने फुंकून फुंकून लाल झाला, पण गंजाला आधण येईना.

पानं मांडलेली होती. बासष्ट. मीठ आणि लोणचं वाढून झालेलं. मी आठ महिन्यांची गरोदर, भिंतीला टेकून बसलेली.

भात उतरला तेव्हा सूर्य तलावापलीकडच्या झाडांत गेला होता. वरपक्षाचे एक काका मनगट पुढे करून म्हणाले, "वहिनी, अजून दहा मिनिटं आहेत, पंचांगात पाहून आलोय." पंचांग त्यांच्या गावचं होतं. त्यांचं चुकलं नव्हतं, माणूस भलाच होता, बायकांसाठीच बोलत होता. सासूबाई म्हणाल्या, "घड्याळ राहू द्या भाऊ, झाडाकडे पाहा." आणि पानाला हात जोडून उठल्या. त्यांच्यामागे सगळ्या उठल्या. वरमाईसुद्धा. मला त्या म्हणाल्या, "तू जेव, तुला दोष नाही." मी जेवले नाही. ते बरोबर केलं की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पोटातलं लेकरू रात्रभर लाथा मारत होतं.

तो भात आणि वरण आमच्या गड्यांच्या आणि शेजारच्या घरी गेलं, ते पोटभर जेवले. वाया काही गेलं नाही. वहीत मी लिहिलं, "चौथी पंगत, ६२ पानं, वाढली नाहीत."

सासूबाईंनी दोन दिवसांनी ते वाचलं. बराच वेळ वही मांडीवर धरून बसल्या. मग म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखाच आहे ना? मग तो दरवेळी आपल्याच पानावर का येऊन बसतो?" माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या होत्या.

त्यानंतर आमच्या घरात दोन चर खणले जातात, एक पूर्वेकडे तोंड करून, एक पश्चिमेकडे. आणि पहिली पंगत बायकांची. मामंजी पहिल्या वेळी कुरकुरले, वऱ्हाडी काय म्हणतील म्हणून. वऱ्हाडी काही म्हणाले नाहीत. ज्यांच्या हाताने वाढायचं त्या जेवलेल्या असल्या की वाढणं किती झपाट्याने होतं, हे सगळ्यांनीच पाहिलं. चारच्या आत अंगण झाडून झालं होतं.

आता येत्या डिसेंबरात नातीचं लग्न आहे. मुलाने शहरातलं लॉन पाहून ठेवलं आहे. जेवण साडेसातला, आणि त्यात "जैन काउंटर" वेगळा. साडेसातला कसला जैन काउंटर, असं मी विचारलं तर सगळे हसले. मी हसले नाही. शेवटी ठरलं ते असं: रात्रीचं त्यांचं त्यांनी करावं, दुपारचं बिरसीला, अंगणात. तांदूळ ८० किलो सांगून ठेवला आहे. चर खणणारा माणूस परवा जागा पाहून गेला, विचारत होता, "काकू, एकच खणू का? आता गॅस पण असते." मी त्याला दोन सांगितले.