उपद्रवी पदार्थांची गणिते

संगणकाचा इतिहास आपण बहुधा हुकमतीचा इतिहास म्हणून सांगतो. सिलिकॉन शुद्ध करायचे, त्यावर असंख्य स्विच कोरायचे आणि कोणीही शून्य किंवा एक याखेरीज बोलू नये, असा बंदोबस्त करायचा. पदार्थाचे बाकीचे सारे गुण येथे उपद्रव ठरतात. आज मला त्या उपद्रवालाच कामाला लावणाऱ्यांची हकिगत सांगायची आहे.

इंग्लंडमधील गॉर्डन पास्क हा विक्षिप्त आणि बुद्धिमान गृहस्थ. टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील १९५८च्या परिषदेत त्याने आपला प्रयोग मांडला. लोहक्षाराच्या द्रावणात वीज सोडली की धातूचे बारीक तंतू वाढतात, आणि पुन्हा विरतातही. हवा तसा प्रतिसाद मिळाला की पास्क अधिक प्रवाह देई. हेच त्यांचे बक्षीस. होता होता त्या भांड्याला ५० आणि १०० हर्ट्झच्या ध्वनींतला फरक कळू लागला. भांड्यात जणू कान उगवला!

१९९६मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या एड्रियन थॉम्पसनने जोडणी बदलता येणाऱ्या चिपवर असेच काम केले. आराखडे मनास येतील तसे जुळवायचे, त्यांतले बरे निवडायचे, त्यांचा संकर करायचा. काही हजार पिढ्यांनंतर चिपच्या एका कोपऱ्यातले १०० घटक एक आणि दहा किलोहर्ट्झचे सूर अचूक ओळखू लागले. पुढचे अधिक नवलाचे. त्यांतील काही घटकांचा उत्तराशी कोठेच संबंध दिसत नव्हता, तरी ते गोठवले की काम बिघडे. तोच आराखडा चिपच्या दुसऱ्या भागावर नेला तरी बिघडे. म्हणजे त्या विशिष्ट तुकड्याच्या बारीकसारीक खोडीच उत्तरात सामील होत्या. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रयोग हाच.

नॅनोपदार्थांकडे ही वाट वळली ती नेदरलँड्समध्ये. ट्वेंटे विद्यापीठातील संशोधकांनी २०१५मध्ये २० नॅनोमीटरचे सुवर्णकण आठ विद्युत्‌अग्रांच्या मध्ये अस्ताव्यस्त पसरले. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. इतक्या लहान कणावर एक इलेक्ट्रॉन चढला की तो दुसऱ्याला अडवतो; मात्र उष्णतेने ही अडवणूक मोडते, म्हणून सारे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ थंड ठेवावे लागले. दोन अग्रांवर प्रश्न, एकावर उत्तर, उरलेल्यांवर व्होल्टेजचे नियंत्रण. योग्य व्होल्टेज उत्क्रांतीच्याच रीतीने शोधली, आणि तोच ढीग कधी ‘अँड’, कधी ‘ऑर’ अशी तर्कद्वारे होऊ लागला. २०२०मध्ये त्याच विद्यापीठात सिलिकॉनमधील बोरॉनच्या अणूंवर असे काम जमले, तर्कद्वारांपुरते तर खोलीच्या तापमानालाही.

पण दोन ढीग कधीच सारखे नसतात, एकाची व्होल्टेज दुसऱ्याला चालत नाहीत. प्रत्येकाला आरंभापासून शिकवावे लागते. ते सोपे व्हावे म्हणून याच संशोधकांनी पुढे त्या उपकरणाची एक नक्कल तयार केली आणि तिच्यावर सराव करून व्होल्टेज ठरवली. ती नक्कल चालते नेहमीच्या, हुकमी संगणकावर.