सेल्फ

गॅरेजात कुणी ‘स्टार्टर मोटर’ म्हणत नाही, ‘सेल्फ’ म्हणतात. सेल्फ मारला, सेल्फ घेत नाही, सेल्फ गेला. ‘सेल्फ स्टार्टर’ मधला हा उरलेला अर्धा शब्द. म्हणजे हँडल न मारता आपलं आपण चालू होणारं इंजिन.

हँडलचं भय खरंच होतं. ठिणगी वेळेआधी पडली की हँडल उलटं फिरायचं आणि मनगट मोडायचं. म्हणून अंगठा हँडलभोवती न वळवता बोटांच्याच बाजूला ठेवायचा, असं शिकवलं जाई. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनियरने आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. खण उघडण्यापुरती, क्षणभरच चालणारी मोटर असेल तर तिच्याकडून एरवी झेपणार नाही इतकं काम काढून घेता येतं, हे त्याला तिथे कळलं. हीच युक्ती १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आली. आजही सेल्फ सलग दाबून धरला तर जळतो, तो याच कारणाने.

ट्रॅक्टरवर हे सुख उशिरा आलं, पण हॅरी फर्ग्युसनने त्यात मोटारीपेक्षा जास्त डोकं लावलं. कॉव्हेंट्रीत १९४६ ते १९५६ या काळात त्याच्या टीई-२० जातीचे पाच लाखांवर ट्रॅक्टर बनले. त्यात सेल्फचं वेगळं बटण नाही. गिअरचा दांडाच ‘एस’ या जागी न्यायचा, तिथे तो सेल्फचा स्विच दाबतो. दांडा एकच, त्यामुळे ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना सेल्फ लागूच शकत नाही.

आता असा जुना ट्रॅक्टर हूं की चूं करत नाही, तेव्हा काय बघायचं? दिवे लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले तर बहुधा बॅटरी उतरलीय, नाहीतर तिच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी चढलीय. बॅटरीपासून चॅसिसला जाणारी अर्थिंगची पट्टी लोक हमखास विसरतात; गंज आणि रंग खरवडून ती कसा. दिवे तसेच लख्ख राहिले तर करंट मोटरपर्यंत जात नाही, किंवा आतले कार्बन झिजलेत. मोटर घरघरते पण इंजिन फिरत नाही? बेंडिक्स अडकलंय. त्याच्या दांड्यावरचं वाळलेलं ग्रीस रॉकेलने धुवा.

बिघाड स्विचचा निघाला की मात्र मोह होतो. खाली उभं राहून, पेचकस आडवा लावून सेल्फची दोन टोकं जोडायची. इंजिन लगेच लागतं. पण या वाटेत गिअरचा दांडा येतच नाही. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये राहिला असेल तर तो तसाच चालू लागतो, सीटवर कुणी नसताना. आणि पेचकस धरणारा मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यातच उभा असतो.