माफी, जाहीर (सक्तीची)

जमाव, जात, पक्ष किंवा सशस्त्र गट यांच्या दडपणाखाली सार्वजनिक जीवनातील व्यक्तीने चारचौघांत मागितलेली क्षमा. चूक कोणती झाली हे ठरवणे अशा माफीत दुय्यम असते. माफी मागायला लावण्याची ताकद कोणाकडे आहे, हे बघ्यांना कळावे, हा तिचा मुख्य हेतू. त्यामुळे दुखावलेल्या माणसाकडे खासगीत जाऊन भागत नाही, आणि माफी मागून झाली तरी प्रकरण बहुधा मिटत नाही.

महाराष्ट्रातला याचा जुना नमुना म्हणजे पुण्याचे पंचहौद मिशनचे चहा-प्रकरण. १४ ऑक्टोबर १८९० रोजी मिशनमधल्या व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणेवैभव’मध्ये छापून आणली आणि रानडे-टिळकांसह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातीच्या बहिष्काराचे प्रकरण, आले. चौकशी शंकराचार्यांपर्यंत गेली. काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी ते १८९२ मध्ये घेतले, तेही पाप वाटले म्हणून नव्हे, तर बहिष्काराची झळ सोसणाऱ्या मित्रांसाठी. चहाने धर्म बुडतो की नाही याचा निकाल त्यातून लागला नाही. सनातन्यांना तो नकोही होता; सुधारकांचा पुढारी प्रायश्चित्ताला बसला, एवढे त्यांना पुरले. वर सुधारकांनीही रानड्यांनाच बोल लावला.

आनंद यादव यांची गत त्याहून बिकट झाली. महाबळेश्वरच्या २००९ च्या साहित्य संमेलनाचे ते निर्वाचित अध्यक्ष होते. ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवरून वारकरी संतापले, तेव्हा यादवांनी माफी मागितली आणि कादंबरी मागे घेतली. तरीही अध्यक्षपद सोडावे लागलेच. संमेलन अध्यक्षाविनाच पार पडले. २०१४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने त्या कादंबरीच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. माफीने विषय संपतो, हा समज या एका प्रकरणातही टिकत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात हाच प्रकार बंदुकीच्या धाकाने घडला. नक्षलवाद्यांच्या ‘जनअदालती’त गाव गोळा करायचे आणि पोलीस पाटील, सरपंच किंवा ‘खबऱ्या’ ठरवलेला माणूस सर्वांसमोर उभा करायचा, अशी रीत होती. २०१२ मध्ये त्यांच्या दबावाखाली अनेक ग्रामपंचायत सदस्यांनी राजीनामे दिले. असा राजीनामा कागदावर स्वखुशीचा असला, तरी ‘सरकारात होतो, चुकलो’ ही कबुलीच त्यातून गावाला ऐकवली जाते. याच जिल्ह्यातला आरमोरी हा अनुसूचित जमातींसाठी राखीव विधानसभा मतदारसंघ. वैनगंगेकाठच्या मोकळ्या गावांबरोबर कुरखेडा-कोरचीचा जंगलपट्टाही त्यात येतो. आरमोरीच्या बाजारपेठेत राहणाऱ्या पुढाऱ्याला आणि कोरचीकडच्या एखाद्या टोल्यातल्या सरपंचाला एकच धमकी सारखी जड जात नाही. पहिल्याला पोलीस संरक्षण मिळू शकते, दुसऱ्याला अंधार पडल्यावर त्याच पायवाटेने घर गाठायचे असते. ‘सार्वजनिक व्यक्ती’ म्हटले की नट-मंत्री डोळ्यांपुढे येतात, पण सक्तीची सर्वांत मोठी किंमत मोजतो तो हा सरपंच.

दडपण नसेल तर सत्ताधारी कधी चूक कबूलच करणार नाहीत, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो खोटा नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवपुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला आणि चार दिवसांनी पंतप्रधानांनी पालघरच्या सभेत माफी मागितली; टीकेचा जोर नसता तर ती आली असती असे वाटत नाही. पण तिथे लोक राज्यकर्त्याला जाब विचारत होते, पुतळा पडला ही घटना समोर होती आणि नकाराची किंमत फार तर मतांत मोजावी लागली असती. यादवांचे, रानड्यांच्या मित्रांचे किंवा त्या सरपंचाचे तसे नव्हते. दुसरा आक्षेप असा, की न्यायालयेही माफी मागायला लावतात. खरे आहे, परंतु न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम १२ नुसार प्रामाणिकपणे मागितलेली माफी केवळ सशर्त आहे म्हणून नाकारता येत नाही. जमावाला मात्र ‘पण’ हा शब्द खपत नाही.

महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला. तो जुलै २०१७ पासून अमलात असून त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. आज ग्रामण्य भरवणारे त्यात सापडतील. पक्षाच्या झेंड्याखाली दारात आलेल्या जमावाला मात्र तो लागू पडत नाही, कारण त्याचा रोख एखाद्या समाजाने आपल्याच सदस्यावर घातलेल्या बहिष्काराकडे आहे. तिथे धाकदपटशाची नेहमीची कलमेच लावावी लागतात, आणि त्यासाठी आधी माफी मागणाऱ्याने तक्रार करायला पुढे यावे लागते.