खांबावरची चिनी माती

कळमेश्वरच्या शिवारातला विजेचा खांब पाहा. तार खांबाला टेकत नाही. मध्ये चिनी मातीचा रोधक असतो.

१७२९ साली इंग्लंडात स्टीफन ग्रे रेशमी दोऱ्यांनी टांगलेल्या सुतळीतून वीज नेत होता. दोरा तुटला, म्हणून त्याने पितळी तार बांधली. तर वीज तिच्यातूनच निसटली! वीज अडवणारे रेशीमच, हे तेव्हा उमगले.

रोधक मात्र नुसता बसून नसतो. विजेच्या ताणाने त्याच्या आतले भार किंचित सरकतात, वाहत नाहीत. ताण हद्दीबाहेर गेला, की तो फुटतो. वरची धूळ पावसात भिजली, तर तिच्यावरूनही वीज झिरपते.

१९७४ पासून कोराडीची वीज अशाच रोधकांच्या भरवशावर गावोगाव गेली. तेव्हा गुरुजी, पोरांना बजावा : खांबाला हात नको, गुरे तर बांधूच नका.