धोट्याची सोळा मिलिसेकंदं

विट्यात यंत्रमागाच्या शेडवरून गेलात तर 'खटाक-खट, खटाक-खट' हा आवाज बराच वेळ कानात राहतो. खटाक म्हणजे धोट्याला बसलेला फटका. खट म्हणजे फणीने नुकताच आलेला धागा कापडाला ठोकून बसवला. यंत्रमागाचा अर्धा इतिहास या दोन आवाजांमधल्या वेळाचा आहे.

उभे धागे वरखाली उघडतात, मधल्या फटीतून धोटा आडवा धागा घेऊन पळतो, मग फणी पुढे येते. धोटा मध्येच असताना फणी आली तर धोटा अडकतो आणि ताण्याचे कितीतरी धागे एकदम तुटतात. हातमागावर ही भानगड नाही. धोटा पोहोचलेला दिसला की विणकर फणी ओढतो. यंत्राला डोळे नाहीत.

इंग्लंडातला पाद्री एडमंड कार्टराइट याने १७८५ मध्ये यंत्रमागाचं पेटंट घेतलं. त्याच्याच सांगण्यानुसार, तोवर त्याने कुणाला विणताना पाहिलंही नव्हतं. (स्टार्टअपवाल्यांचा आद्यपुरुष!) त्याच्या मागात पुढे बऱ्याच जणांनी सुधारणा केल्या. मला त्यात महत्त्वाचा वाटतो तो विल्यम हॉरॉक्स. १८१३ च्या त्याच्या पेटंटचा मुद्दा एवढाच होता, की फणीचा वेग बदलता ठेवून धोट्याला जास्त वेळ द्यायचा.

नंतरच्या साध्या मागांत हे काम चार दांड्यांच्या जोडणीने होऊ लागलं. पहिला 'दांडा' म्हणजे मागाचा न हलणारा सांगाडा. दुसरा गोल फिरणारा क्रँक. तिसरा जोडदांडा. चौथा म्हणजे तळाशी बिजागरी असलेली, फणीला पुढेमागे झुलवणारी उभी पट्टी. मोटर गोल फिरते, फणी झुलते. पण खरी गंमत लांबीत आहे. जोडदांडा खूप लांब असेल तर फणी पुढच्या आणि मागच्या अर्ध्यात सारखाच वेळ घालवते. तो आखूड केला की ती मागे रेंगाळते आणि पुढे झटक्यात येऊन जाते.

आकडे घालून बघू. समजा जोडदांडा क्रँकच्या चौपट आहे. मग ३६० अंशांपैकी साधारण १९४ अंश फणी मागच्या अर्ध्यात असते, १८० नाही. मिनिटाला १५० फेऱ्यांच्या मागावर एक फेरी ४०० मिलिसेकंदांची. म्हणजे १४ अंशांचे झाले १६ मिलिसेकंद. तुमच्या फोनच्या स्क्रीनवरची जेमतेम एक फ्रेम! एवढा वेळ धोट्याला फुकटात मिळाला. ना सेन्सर, ना कोड.

फुकटात म्हणजे अगदीच फुकटात नाही. जोडदांडा जितका आखूड, तितका फणीला झटका जास्त, मागाला हादरा जास्त. जाड कापडाला तो ठोका हवाच असतो, म्हणून तिथे हे गुणोत्तर वाढवतात. हलक्या कापडाला कमी चालतं.

आपल्याकडे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. जहागीरदार नारायणराव घोरपड्यांचं त्याला प्रोत्साहन होतं. विटा तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं, आणि या पट्ट्यात यंत्रमागाचं गाव म्हणून इचलकरंजीच्या बरोबरीने विट्याचंही नाव घेतलं जाऊ लागलं.

इथे मजुरीचा हिशोब 'पिका'वर चालतो. क्रँकची एक फेरी म्हणजे एक पीक, म्हणजे एक आडवा धागा. माग जितका जोरात पळेल तितकी कमाई, आणि तितकाच धोट्याचा वेळ कमी. फेऱ्या १५० वरून १८० केल्या तर ४०० मिलिसेकंदांचे ३३३ होतात. धागे तुटून माग उभा राहिला तर कामगाराचंच नुकसान. हा ताळमेळ सांभाळतो तो जॉबर. दांड्यांची लांबी कारखान्यातच ठरलेली असते. धोट्याला फटका नेमका कधी बसावा हे तो जुळवतो, जोडदांड्याचं बुश झिजून ढिलं झालं की बदलतो. आमच्या पुस्तकात हे सगळं एका आकृतीत उरकलं होतं. तो ते आवाजावरून ओळखतो.

आता रॅपियर आणि एअरजेट माग आले. त्यांत धोटाच नाही. बऱ्याच रॅपियर मागांत कॅम बसवून फणी चक्क थांबवून ठेवतात. जुने माग किलोच्या भावाने भंगारात जातात, आणि धोट्याचा वेळ कानाने ओळखणाऱ्या जॉबरला नव्या मागावर तंत्रज्ञ म्हणून कुणी उभं करत नाही. तिथे पॅनेलवर आकडे असतात. पण कमी पन्ह्याच्या काही एअरजेट मागांचं झाकण उघडलं, तर आत फणीला झुलवणारे तेच चार दांडे दिसतात.