हल्ला घरावरच का होतो?

मी सडक अर्जुनीचा. गावाच्या नावातली सडक म्हणजे मुंबई-कलकत्ता हमरस्ता. आज आमचा जिल्हा गोंदिया, पण १९९९ पर्यंत आम्ही भंडारा जिल्ह्यातच होतो. याच भंडाऱ्यातून १९५४ साली बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पडले. पण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी जे केलं ते कुठल्याही निवडणुकीपेक्षा मोठं होतं.

धर्मांतर झालं ते दीक्षाभूमीवर, पण बदल झाला तो घरात. आमच्या झाडीपट्टीत आपली माणसं जाडंभरडं कापड विणत, कोतवालकी करत, मेलेलं ढोर ओढत. दीक्षेनंतर देव्हाऱ्यातले देव गेले, भिंतीवर बुद्ध अन् बाबासाहेब आले. ढोर ओढणं बंद. पोरीबाळी शाळेत. गावाला हे झोंबलं. आपल्यासाठी ही संस्कृती होती, गावासाठी ती बंडखोरी होती. म्हणून मार आला तो घरावर.

१९७८ बघा. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. प्रश्न पाटीचा, पण जळल्या झोपड्या! ज्या मायबाईनं विद्यापीठ कधी पाहिलंच नाही तिचं धान्य, भांडीकुंडी, अंथरूण पेटवलं. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना मारलं. इकडे नागपुरात इंदोऱ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी आपली पोरं पडली. घरं मोडली, माणसं गाव सोडून शहराच्या झोपडपट्टीत गेली. अन् नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला!

आता आपल्याच जुन्या भंडाऱ्यातली खैरलांजी. मोहाडी तालुका. भोतमांगे कुटुंब बौद्ध, स्वतःची शेती कसणारं. मुलगी सायकलवरून शाळेत जायची. जमिनीतून रस्ता काढण्यावरून गावाशी वाद होता. घरच्या बाईनं एका मारहाणीच्या प्रकरणात पोलिसांपुढं आरोपींची नावं सांगितली. २९ सप्टेंबर २००६ ला ते आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमाव घरावर आला. आई, मुलगी, दोन मुलं ठार. प्रेतं कालव्यात. उरला एकटा बाप. मारणारे शंकराचार्य नव्हते, भावांनो! ते बहुतेक शेजारचे ओबीसी शेतकरी होते. मनुस्मृती न वाचताही ती हातात कशी उतरते, ते इथं कळतं.

२००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून २५ वर्षांची सक्तमजुरी केली. पण दोन्ही न्यायालयांनी ॲट्रॉसिटी कायदा लावला नाही. का? म्हणे हा सूड! जुन्या साक्षीचा राग! अहो, दलित बाईनं गावाविरुद्ध साक्ष द्यावी, हाच तर त्यांचा राग होता. जात वजा केली तर उरतं काय? तो बाप भैयालाल भोतमांगे २०१७ साली न्यायाची वाट बघतच गेला.

अशा प्रकरणानंतर वस्तीत काय होतं, ते मी आमच्या भागात पाहिलं. आया पोरींना म्हणू लागल्या, "बाई, खाली मान घालून जा. साक्षीबिक्षीत पडू नको." चौघं मारून हजार घरांचा आवाज बसवायचा, हेच या हिंसेचं राजकारण.

म्हणून कार्यकर्त्यांनो, कायदा वाचा. १९८९ च्या कायद्यातल्या जन्मठेपेच्या कलमात गुन्हा जातीच्या कारणावरून झाला, हे सिद्ध करावं लागे. २०१५ च्या दुरुस्तीनं, आरोपीला पीडिताची जात ठाऊक होती, एवढं पुरे केलं. साक्षीदारांच्या संरक्षणासाठी १५अ हे कलम आलं. गावात पोचलात की निळा झेंडा लावा, पण आधी फिर्याद नीट लिहून घ्या. साक्ष देणाऱ्या बाईच्या दारात पहिल्या रात्रीपासून बसा. घटनेआधीची सालंही लिहा: कुणी ढोर ओढणं सोडलं, कुणाची पोरगी शिकली, कुणाची जमीन गावाला खुपत होती. नाहीतर आपल्या इतिहासाला उद्या पुन्हा बांधावरचं भांडण म्हणतील.

जय भीम!